पंचायतीच्या नोंदवहीला चित्रे हवीत

जैवविविधता कायदा 2002 साली झाला. त्याच्या 41 व्या कलमानुसार प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमायची आणि त्या समितीने गावकऱ्यांना विचारून लोकांची जैवविविधता नोंदवही तयार करायची, असे ठरले. गावच्या हद्दीत कोणती झाडे, वेली, कंद, मासे, पाखरे आहेत आणि त्यांच्याविषयी कोणाला काय ठाऊक आहे, हे त्या वहीत यायला हवे. बरीच वर्षे देशभर हे काम रेंगाळले. शेवटी राष्ट्रीय हरित लवादाने 31 जानेवारी 2020 ही मुदत घालून दिली, मागे पडणाऱ्या राज्यांना महिन्याला दहा लाख रुपये भरावे लागतील असे बजावले, आणि मग नोंदवह्यांची एकच धांदल उडाली. दंडाच्या धाकाने लिहिलेल्या वहीची जी कळा असते, तीच माझ्या पाहण्यातल्या वह्यांना आलेली आहे. अनुक्रमांक, स्थानिक नाव, शास्त्रीय नाव, उपयोग असे रकाने आणि त्यांत ओळीने भरलेली नावे, एवढाच त्यांचा ऐवज. पीडीओंच्या, म्हणजे पंचायत विकास अधिकाऱ्यांच्या, कपाटात वही सुखरूप असते, कारण ती उघडण्याचे कोणाला कारणच पडत नाही.

माझे म्हणणे असे की बेळगाव जिल्ह्याच्या पश्चिमेकडच्या पंचायतींनी, विशेषतः खानापूर तालुक्यातल्या पंचायतींनी, या नोंदवहीतून रानफुलांचे आणि रानातल्या झाडाझुडपांचे सचित्र पुस्तक काढावे. त्यातली चित्रे हाताने काढलेली असावीत, नावे मराठी आणि कन्नड या दोन्ही लिप्यांत असावीत आणि खर्च सरकारी असावा. हे सुचवले की दोन प्रकारचे लोक हसतात. सरकारी कामाची सवय असलेल्यांना चित्र म्हणजे शोभा वाटते आणि शोभेवर पैसा घालवणे त्यांना पटत नाही. निसर्गाची आवड असलेल्यांना फोनमधल्या ॲपनंतर असल्या पुस्तकाची गरजच उरलेली दिसत नाही. दोघांनाही अशा पुस्तकांची ओढ नेमकी कशात असते हे उमगलेले नाही, असे मला वाटते.

सप्टेंबरात चोर्ल्याच्या सड्याकडे, म्हणजे घाटमाथ्यावरच्या कातळाच्या पठाराकडे, बेळगावहून गाड्यांची रीघ लागते. आलेल्यांपैकी बहुतेकांना तिथे पिवळी फुले आणि जांभळी फुले दिसतात, फोटो निघतात, वाटेत भजी खाऊन मंडळी घरी परततात. यात वाईट काही नाही. पण त्यांतल्या एखाद्याजवळ चांगले सचित्र पुस्तक असले, तर त्याला वाकावे लागते. पिवळ्यांमधली सोनकी कोणती आणि कवला कोणता हे ठरवायचे तर कवल्याच्या पाकळीवरचे तांबडे ठिपके शोधावे लागतात, पाने चुरडण्याऐवजी उलटी करून पाहावी लागतात, आणि सीतेची आसवे या नावाने ओळखली जाणारी इवलीशी जांभळी फुले तुडवली जाऊ नयेत म्हणून पाय कुठे ठेवायचा याचाही विचार करावा लागतो. पुस्तक आधी शंका निर्माण करते आणि मग ती फेडण्याचे काम वाचणाऱ्याच्याच डोळ्यांना लावते. पानावरचे चित्र आणि मातीतले रोप जुळले की होणारा आनंद फार जुना आहे, त्याला शिक्षणाची अट नाही आणि शहराचीही नाही. तो गावच्या पोरालाही होतो. फक्त त्याच्या हातात असे पुस्तक कोणी दिलेले नाही. शाळेत फुलाचे भाग शिकवताना समोर येते ती कुंपणावरची जास्वंद, आणि शाळेमागच्या माळावर काय फुलले आहे याची परीक्षेत विचारणा होत नाही.

आता हाताने काढलेले चित्रच का, याचे उत्तर एका वेलीवरून देतो. कळलावी आपल्याकडे सगळ्यांच्या ओळखीची आहे; गौरी-गणपतीच्या दिवसांत तिचे फूल नजरेआड राहूच शकत नाही, आणि कन्नडमध्ये तर तिला गौरीचेच फूल म्हणतात. तिच्या सहा पाकळ्या मागे उलटलेल्या असतात, त्यांच्या कडा कुरळ्या असतात. उमलताना त्या हिरवट-पिवळ्या असतात, मग टोकाकडून लाल होत जातात, आणि फूल उतरणीला लागले की अंगभर लाल होतात. खाली पाहिले तर बीजकोशापासून निघणारा कुक्षिवृंत सरळ न जाता काटकोनात वळून बाजूला गेलेला दिसतो. पानाचे टोक लांबत जाऊन त्याचाच ताणा होतो आणि तो शेजारच्या फांदीला वेढा घालतो. जमिनीखाली नांगराच्या आकाराचा दुहाती कंद असतो आणि त्यात कोल्चिसिन नावाचे जालीम विष असते. हे सगळे एका छायाचित्रात मावणे शक्य नाही. छायाचित्रात एका दिवसाचे, एका उजेडातले एक फूल येते, आणि बहुतेक वेळा मागचे पान धूसर झालेले असते. चित्रकार मात्र एकाच पानावर कळी, पिवळे फूल, लाल फूल, फुटलेले फळ, पानाचा ताणा आणि कंद एकत्र मांडू शकतो. जमीन न उकरता जमिनीखालचे दाखवू शकतो. ज्या कंदांसाठी रोपेच्या रोपे उपटली जातात, त्यांच्या बाबतीत ही गोष्ट लहान नाही.

खरपुडीचेही तसेच आहे. तिच्या कंदिलासारख्या फुलाच्या नळीत आतल्या बाजूला खाली झुकलेले केस असतात. वासाने आत शिरलेली माशी त्या केसांमुळे अडकते, परागांशी तिची गाठ पडते, आणि केस सुकून वाट मोकळी झाली की तिची सुटका होते. नळी उभी चिरून दाखवणारे चित्र पाहिल्याशिवाय ही यंत्रणा कोणाला कळायची? सीतेच्या आसवांच्या मुळाशी ओल्या मातीत बारीक फुगे असतात आणि त्यांत सूक्ष्म जीव शोषले जाऊन पचवले जातात. वर नाजूक फूल, खाली शिकार. कॅमेऱ्याला यातला वरचाच अर्धा भाग दिसतो.

चित्राचा हा उपयोग आपल्या किनाऱ्याला नवा नाही. कोचीनचा डच गव्हर्नर व्हान रेडे याने तयार करवलेला ‘होर्तुस मलबारिकुस’ हा ग्रंथ 1678 ते 1693 या काळात ॲमस्टरडॅमला बारा खंडांत छापला गेला आणि त्यात सातशेहून अधिक वनस्पतींची माहिती आली. ती पुरवणाऱ्यांत इट्टी अच्युतन हा मलबारी वैद्य होता, तसेच रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे तीन कोंकणी वैद्यही होते. या तिघांचा 1675 सालचा दाखला देवनागरी लिपीत पहिल्या खंडात छापलेला आहे, आणि चित्रांच्या तांब्याच्या ठशांवर झाडांची नावे रोमन, मल्याळम, अरबी आणि देवनागरी अशा लिप्यांत कोरलेली आहेत. साडेतीनशे वर्षांपूर्वी एका झाडाच्या चित्राशेजारी इतक्या लिप्या गुण्यागोविंदाने राहिल्या. आमच्या जिल्ह्यात दुकानाच्या पाटीवर दोन लिप्यांना जागा वाटून द्यायची म्हटली तरी बंदोबस्त लागतो.

जुन्या परंपरेतला एक अन्यायही इथेच सांगतो. मुंबई इलाख्याचा पहिला वनसंरक्षक अलेक्झांडर गिब्सन याने 1840 च्या दशकाच्या अखेरीस पुण्याजवळच्या दापुरीच्या वनस्पती उद्यानात एका भारतीय चित्रकाराकडून 172 चित्रे काढून घेतली. ती आज एडिंबरोच्या वनस्पती उद्यानात आहेत, जाणकार त्यांना वाखाणतात, आणि चित्रकाराचे नाव कोणालाही ठाऊक नाही. बेळगावात चित्रकारांची वाण नाही. के. बी. कुलकर्णींच्या हाताखाली इथे पिढ्या घडल्या, रवी परांजपेंची सुरुवात याच शहरात झाली. पंचायतीचे पुस्तक निघालेच, तर प्रत्येक चित्राखाली काढणाऱ्याचे नाव असावे, आणि त्याला मोबदला रंगाऱ्याच्या दराने न देता चित्रकाराच्या दराने द्यावा.

पुस्तक तालुक्यापुरते का, सबंध सह्याद्रीचे का नको, असे विचारता येईल. सह्याद्रीच्या फुलांची देखणी पुस्तके मराठीत आणि इंग्रजीत गेल्या काही वर्षांत निघालेली आहेत आणि ती मला प्रिय आहेत. पण ती प्रामुख्याने महाराष्ट्राच्या घाटवाटा डोळ्यांपुढे ठेवून लिहिली गेली. कर्नाटकातल्या वनस्पतिग्रंथांचे लक्ष स्वाभाविकपणे दक्षिणेकडे, कोडगू-चिकमगळूरकडे अधिक वळते. 1956 च्या राज्य पुनर्रचनेत चंदगड तालुका बेळगाव जिल्ह्यातून निघून मुंबई राज्याकडे राहिला आणि बाकीचा जिल्हा म्हैसूर राज्यात गेला. तेव्हापासून एकाच घाटमाथ्यावरची एकच वनस्पती दोन राज्यांच्या दोन याद्यांत विभागली गेली. त्याआधी मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवर थिओडोर कुक याने 1901 ते 1908 या काळात लिहिलेल्या ग्रंथात बेळगावचे नाव ठिकठिकाणी येते, पण तो ग्रंथ इंग्रजी, शास्त्रीय परिभाषेतला आणि अभ्यासकांसाठी आहे. शिवाय हा जिल्हा एकजिनसी नाही. कणकुंबी-जांबोटीकडे किंजळ, नाणा, जांबा यांचे दाट रान, अंजनीची झुडपे आणि कारवीचे उतार. पूर्वेला सौंदत्ती-रामदुर्गाच्या कोरड्या टेकड्यांवर तरवड, हिवर आणि बोरी. दोन्हींना एका पुस्तकात कोंबले तर जाडी वाढेल आणि उपयोग घटेल. मधल्या पट्ट्यातल्या गावांनी आपले आपण ठरवावे.

पण पुस्तक हवे याचे खरे कारण शाळा आणि सहली यांच्या पलीकडचे आहे. रस्ता रुंद करायचा असो की कालवा खणायचा असो, सरकारी कामात झाडे मोजली जातात. खोडाचा घेर घेतला जातो, आकडा मांडला जातो, एका झाडाच्या बदल्यात किती लावणार याचे आश्वासन दिले जाते. बेळगाव–खानापूर रस्त्याच्या रुंदीकरणावरून जो वाद झाला, तोही मुख्यतः झाडांच्या संख्येभोवती फिरला. ज्याला खोड नाही त्याला या हिशेबात जागा नाही. काळी मुसळी, रानहळद, सापकांदा, गेंद, हबेनारियासारखी भुईवरची आमरे (ऑर्किड), ही सगळी वर्षातले आठ महिने कंदांच्या किंवा बियांच्या रूपाने मातीत दडून असतात. एप्रिलमध्ये सड्यावर गेलेल्या माणसाला काळा कातळ आणि वाळके गवत एवढेच दिसते. पडीक जमिनींच्या सरकारी नकाशात तर खडकाळ नापीक असा वर्गच आहे. मग भरपाईच्या वृक्षारोपणासाठी असलीच मोकळी जागा सोयीची वाटते. कातळावरच्या वीतभर मातीत खड्डे पडतात, त्यांत ऑस्ट्रेलियातून आलेली अकेशिया लागते, काही वर्षांत सावली आणि पाचोळा वाढतो, आणि उघड्या उन्हात वाढणारी पावसाळी फुले तिथून उठतात. फाइलीत मात्र हे सारे हिरवळ वाढल्याचे काम म्हणून जमा होते.

ग्रामसभेत उभे राहून याला हरकत घ्यायची तर काय म्हणायचे? फुले मरतात, असे म्हटले तर साहेब हसतात. जैवविविधता समितीच्या पुस्तकातले पान उघडून, या सड्यावर ऑगस्टमध्ये अमुक फुलते, हे त्याचे चित्र, हे त्याचे मराठी, कन्नड आणि शास्त्रीय नाव, आणि ही नोंद कायद्याने केलेली आहे, असे म्हटले तर निदान लेखी उत्तर द्यावे लागते. तक्त्यातली नोंदही कायद्याने तेवढीच वजनदार आहे हे मला मान्य आहे. पण तक्ता वाचून ते रोप कोणते, हे ग्रामसभेतल्या शंभरांतल्या दोघांनाही सांगता येणार नाही, आणि ज्याला ते ओळखता येत नाही तो त्याच्यासाठी हात वर करीत नाही. पुस्तक लोकांना मिळवून देईल तो हा अधिकार आहे, आणि म्हणूनच त्यातली चित्रे शोभेच्या खर्चात धरू नयेत.

घाई करण्याचे आणखी एक कारण आहे. भीमगड 2011 साली अभयारण्य झाले. सुमारे 190 चौरस किलोमीटरच्या त्या रानाचे नाव घेतले की लोकांना बारापेडेच्या गुहेतली दुर्मिळ वटवाघळे आठवतात; झाडांची आठवण कोणाला होत नाही. गवळी, कोंगळा अशा आतल्या गावांच्या स्थलांतराची चर्चा बराच काळ चालू आहे. ती गावे हलावीत की नाही हा वेगळा आणि अवघड प्रश्न आहे, त्यात इथे शिरत नाही. पण ती हलली, तर कारवी मागच्या वेळी कोणत्या उतारावर फुलली, कुडाच्या भिंतींना तिचे कोणते दांडे टिकतात, शिर्वाळीचे पांढरे पान कधी निघते, कुंभ्याला फूल कोणत्या महिन्यात येते, हे न पाहता सांगू शकणारी माणसे खानापूरच्या एखाद्या वसाहतीत जाऊन बसतील. सात-सात वर्षे वाट पाहायला लावणाऱ्या कारवीसारख्या झाडाची माहिती एका हंगामाच्या पाहणीत मिळत नाही. ती तिथे आयुष्य काढलेल्यांकडूनच मिळते. चित्रकाराला त्या गावांत नेऊन बसवायचे तर आताच नेले पाहिजे.

आता आक्षेप. ॲपचा आक्षेप मला फारसा जड वाटत नाही. ती साधने उपयोगी आहेत आणि मीही वापरतो. पण हेम्माडग्याच्या पुढे फोनला रेंज नसते, ॲप देईल ते नाव बहुधा इंग्रजी किंवा लॅटिन असते, आणि ॲपच्या नोंदीला ग्रामसभेत कोणी विचारीत नाही. चोरीचा आक्षेप मात्र गंभीर आहे. कर्करोगावरची औषधे ज्यापासून बनवतात ते कॅम्पटोथेसिन नरक्याच्या झाडात असते, आणि त्यापायी सह्याद्रीत हे झाड अतोनात तोडले गेले. पुस्तक काढून चोरांना वाट दाखवायची का? मला वाटते, व्यापाऱ्याला ते झाड आधीच ठाऊक असते. ठाऊक नसते ते मजुरीवर ते तोडून देणाऱ्या गावकऱ्याला, आणि आपण किती किमतीचे काय दिले हे त्याला कळत नाही. तरीही खबरदारी हवीच. दुर्मिळ झाडांचे चित्र द्यावे, ठिकाण देऊ नये. शिवाय औषधी उपयोगांचा रकाना पुस्तकातून सरळ काढून टाकावा. ते ज्ञान ज्यांचे आहे त्यांच्या संमतीने नोंदवहीत राहावे; छापील पुस्तकात वाचून कळलावीचा कंद उगाळणारा एखादा निघाला तर सगळ्या खटाटोपावर पाणी पडेल. विषारी झाडापुढे विषारी हा शब्द ठळक छापावा, बस्स.

परक्या झाडांना मात्र पुस्तकात अवश्य जागा द्यावी, असे मी म्हणेन, आणि इथे काही निसर्गप्रेमी मित्रांशी माझा मतभेद आहे. घाणेरी आणि रानमोडी अमेरिका खंडातून आल्या, पण आजच्या पोराला त्या रानाच्या मूळच्या रहिवासी वाटतात. पुस्तकात नुसती देशी झाडे दिली तर परके ओळखणार कसे? फक्त त्यांची पाने वेगळी, शेवटी आणि बिनरंगाची असावीत.

राहिला भाषेचा प्रश्न. पुस्तक मराठीत निघाले तर कन्नड संघटना आणि कन्नडमध्ये निघाले तर आपले लोक नाराज होतील, म्हणून ते निघूच नये अशी सोयीची शांतता पाळण्याची आपल्याकडे रीत आहे. खानापूरच्या रानात राहणाऱ्या माणसाला ही अडचण नाही. घरात मराठी, बाजारात कन्नड, पाहुण्यांत कोंकणी असे त्याचे चाललेले असते, आणि एका झाडाची दोन-तीन नावे तो सहज घेतो. मराठी वाचकांनी तर कन्नडकडे थोडे असूयेनेच पाहावे. बी. जी. एल. स्वामींसारख्या वनस्पतिशास्त्रज्ञाने ‘हसुरु होन्नु’ हे वनस्पतींवरचे पुस्तक स्वतःच्या रेखाटनांसह लिहिले आणि 1978 साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला; झाडांविषयीचे लेखन साहित्य ठरू शकते हे तिथल्या वाचकांना वेगळे पटवावे लागत नाही. सीमाप्रश्नाचा निकाल न्यायालय देईल तेव्हा देईल. तोवर एका पानावर दोन लिप्या छापायला कोणाच्या परवानगीची गरज नाही.

काम अवाढव्य नाही. कणकुंबी-जांबोटी पट्ट्यातल्या दोन-तीन पंचायतींनी मिळून शंभर वनस्पतींपासून सुरुवात करावी, आणि त्या फुलांच्या रंगाप्रमाणे न लावता महिन्यांप्रमाणे लावाव्यात. मेअखेरच्या पहिल्या सरीनंतर उगवणाऱ्या काळ्या मुसळीपासून उन्हाळ्यातल्या कुंभ्या-पांगाऱ्यापर्यंत. शास्त्रीय नावांची खात्री करून घ्यायला लांब जावे लागणार नाही; बेळगावातच राष्ट्रीय पारंपरिक वैद्यक संस्था आहे आणि महाविद्यालयांत वनस्पतिशास्त्राचे विभाग आहेत. नावे सांगणाऱ्या बायाबापड्यांची नावे, त्यांची हरकत नसल्यास, पुस्तकात यावीत. प्रत्येक सरकारी शाळेला, मराठी असो वा कन्नड, काही प्रती फुकट द्याव्यात, आणि बाकीच्यांना किंमत अशी ठेवावी की चोर्ल्याला जाणाऱ्या मंडळींनी भज्यांच्या बिलात ती सहज विसरावी. पहिल्या आवृत्तीत चुका राहणारच. म्हणून पानांचे समास रुंद ठेवावेत, दर पाच वर्षांनी शाळांकडून त्या प्रती परत मागवाव्यात, आणि मुलांनी व मास्तरांनी समासात लिहिलेल्या दुरुस्त्या पाहूनच पुढची आवृत्ती छापावी.